जुनी होडी आणि विक्रेत्याचें मौन

1962 सालीं इंग्लंडांत जॅक होल्ट व बॅरी बक्नेल यांनीं आंखलेली 'मिरर' ही छोटी शिडाची होडी बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांसाठींच होती. ज्या वृत्तपत्रानें तिचा पुरस्कार केला त्याचेंच नांव तिला मिळालें. प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेनें शिवावयाचे, सांध्यांवर कांचतंतूंची पट्टी व राळ बसवावयाची, कीं झाली होडी. किंमत 63 पौंड 11 शिलिंग. अशा होड्या 70,000 हून अधिक झाल्या, आणि त्यांतील कित्येक आज अल्प मोलानें एका हातांतून दुसऱ्या हातांत जातात. एखादा गृहस्थ मुलांना तळ्यावर नेण्याच्या हौसेनें ती घेतो, आणि येथेंच नीतिशास्त्रांतील एक जुना वाद उभा राहतो.

होडी उलटली तरी बुडूं नये म्हणून तिच्या कडांना हवाबंद कप्पे असतात. त्यांत पाणी शिरून कोंडलें, तर लांकूड आंतून कुजतें. वरून नवा रंग दिला कीं डोळ्यांना कांहीं दिसत नाहीं. विक्रेत्याला तें ठाऊक आहे, गिऱ्हाइकाला नाहीं. गिऱ्हाइकानें विचारलें नाहीं, तर विक्रेत्यानें आपण होऊन सांगावें काय? दुकानदारावर इंग्रजी कायद्याचें बंधन कडक आहे. खाजगी विक्रीत मात्र खोटें बोलूं नये एवढ्यावरच तो बहुधा समाधान मानतो.

सिसरोनें आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत हाच प्रश्न घेतला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे; एक व्यापारी धान्य घेऊन येतो; मागून आणखी गलबतें येत आहेत हें त्यानें सांगावें कीं नाहीं? न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे, असा डायोजिनीसचा पक्ष. सर्व सांगितलेंच पाहिजे, असा अँटिपेटरचा. सिसरोचा कौल दुसऱ्याकडे आहे, आणि आमचाही. परंतु आमचें कारण थोडें निराळें आहे.

कोणी म्हणेल, स्वस्त किंमत हीच एक प्रकारची सूचना नव्हे काय? आहे खरी, पण ती फाटलेल्या शिडाची, ओरखड्यांची. जेथें नजर पोहोंचत नाहीं तेथील दोष किंमत सांगूं शकत नाहीं. शिवाय डायोजिनीसचा युक्तिवाद दोन जाणत्या माणसांच्या सौद्यापुरता आहे. होडींत बसणारें आठ वर्षांचें मूल त्या सौद्याला हजर नसतें. त्यानें कोणत्या मौनाला संमति दिली?

गिऱ्हाईकही या प्रकरणांत अगदीं निष्पाप नसतो. पुष्कळांना प्रश्न विचारण्याचें भय वाटतें, कारण उत्तर आलें तर हौस मोडेल. अशा वेळीं विक्रेत्याचें मौन त्याला सोयीचेंच होतें, आणि मग दोघे मिळून त्या मुलाला फसवितात. (बाजारांत घासाघीस करण्यांत शूर असलेलीं माणसें येथें इतकीं भित्रीं कां होतात, हें आम्हांस कोडेंच आहे.)

सर्वांत अवघड जो विक्रेता, त्याला आपल्या होडीचा दोष खरोखरच ठाऊक नसतो. दहा वर्षें त्यानें कप्प्यांत डोकावून पाहिलेंच नाहीं, आणि 'मला माहीत नव्हतें' हें त्याचें म्हणणें अक्षरशः खरें असतें. पुष्कळ होड्यांत मात्र त्या कप्प्याला एक लहानसें गोल झांकण असतें, आणि तें हातानें फिरवून काढतां येतें.