नाळ आणि नांगर

बर्फफोड्या बोटींचं सारं श्रेय वाफेच्या इंजिनाला देण्याची पद्धत आहे. पुरावा वेगळं सांगतो. १८३७ साली फिलाडेल्फिया शहराने डेलावेअर नदीसाठी वाफेवरची बर्फफोडी बोट बांधून घेतली. तिने काम चोख केलं, पण पुढच्या बोटींचा नमुना ठरली ती दुसरीच. बेटावरचं क्रोनश्टाट आणि रशियाचा किनारा यांच्यामध्ये मिखाईल ब्रिटनेव्ह या व्यापाऱ्याच्या बोटी चालत. समुद्र गोठला की धंदा बसे. १८६४ मध्ये त्याने ‘पायलट’ या वाफेच्या बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कापून पाण्याशी सुमारे २० अंशांत तिरकी केली. आता बोट बर्फाला धडका देत बसेना; त्यावर चढून आपल्या वजनाने तो मोडू लागली. हंगाम काही आठवडे लांबला. १८७०-७१ च्या हिवाळ्यात एल्बे नदी गोठली, तेव्हा हॅम्बुर्गने हीच रचना उचलली. हे एका व्यापाऱ्याला सुचलं, नौदलाला नाही!

नांगराचीही गोष्ट अशीच. कृष्णाकाठी बर्फ नाही, पण उन्हात तडकलेली काळी जमीन आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर घडवला आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसवली. ओढायला बैलच होते. लाकडी नांगर माती फाडतो. लोखंडी नांगराचा बाकदार पत्रा ती उचलून पालथी घालतो, हरळीच्या मुळ्या उघड्यावर येऊन वाळतात. लोखंडाने जमीन विषारी होईल, या शेतकऱ्यांच्या भीतीला आपण आज हसतो. पण लाकडी नांगर गावचा सुतार नीट करी. लोखंडी मोडला तर काय, ही धास्ती अडाणीपणाची नव्हती.

कोणी म्हणेल, वाफ नसती तर ‘पायलट’ बर्फावर चढली असती का? नसती. पण वाफेच्या बोटी कित्येक दशकं होत्याच, आणि बैल तर हजारो वर्षं. उणीव होती ती जोर नेमका कुठे आणि कसा लागावा याची. याहून बळकट आक्षेप ‘येर्माक’चा आहे. रशियन अ‍ॅडमिरल मकारोव्हच्या आग्रहाने न्यूकॅसलला बांधलेली ही बोट सुमारे दहा हजार अश्वशक्तीची. ध्रुवीय बर्फाला भिडायला एवढी ताकद लागते, हे मान्यच. मात्र १८९९ मध्ये ती स्पिट्सबर्गेनजवळच्या बर्फात शिरली, तेव्हा तिच्या अंगाला इजा झाली. नंतरच्या दुरुस्तीत पुढचा पंखा काढून टाकण्यात आला आणि नाळ नव्याने बांधली गेली.