पुढे फार रंगतं म्हणे!

‘पुढे फार रंगतं’ या तीन शब्दांच्या भरवशावर मराठी माणसाने आजवर काय काय सोसलं आहे, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. गाण्याच्या बैठकीत अर्धा तास तंबोरेच जुळत असतात, आपण चुळबुळ करू लागलो की शेजारचा जाणकार आपल्याच मांडीवर थाप मारून म्हणतो, “थांबा हो, पुढे रंगणार आहे.” नवी नवरी डोळे पुसत माहेरी आली की आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवते, “पहिली दोन वर्षं अशीच जायची गं. पुढे बघ!” नोकरीला लागलेल्या पोराला हेडक्लार्क हेच सांगतो. लग्न, नोकरी आणि आयुर्विमा हे तिन्ही व्यवहार या तीन शब्दांवरच चालतात.

हल्ली या यादीत जपानी अ‍ॅनिमेची भर पडली आहे. ज्यांच्या घरात पंधरा ते पंचवीस वयाचं कुणी नाही अशा सुखी वाचकांसाठी सांगतो : अ‍ॅनिमे म्हणजे जपानी चित्रमालिका. तिला ‘कार्टून’ म्हटलेलं चालत नाही. आमच्या घरी तो शब्द उच्चारला की दोन दिवस अबोला असतो. वास्तविक माझ्या पिढीने १९९३ साली दूरदर्शनवर दर रविवारी जो मोगली पाहिला, तो अस्सल जपानी होता. गाणं गुलजारांचं असल्यामुळे आम्ही त्याला आपलाच समजलो. पण मोगली बावन्न भागांत आटोपला. मोगली पाहायला तपश्चर्या लागत नव्हती, फक्त शेजाऱ्यांचा टीव्ही लागायचा.

आता ‘वन पीस’ घ्या. एइचिरो ओडा नावाच्या गृहस्थांनी १९९७ साली ही समुद्री चाच्यांची चित्रकथा एका जपानी साप्ताहिकात सुरू केली. पाच वर्षांत आटोपेल असा त्यांचा अंदाज होता. (घर बांधणारे माझ्यापुढे जे अंदाजपत्रक ठेवतात, त्यापेक्षा हा काही फार वेगळा नाही.) १९९९ च्या ऑक्टोबरात तिची अ‍ॅनिमे मालिका आली, २०२१ च्या नोव्हेंबरात हजारावा भाग झाला, आणि आता अकराशेच्याही वर गेले आहेत. भाग साधारण चोवीस मिनिटांचा. मी कॉमर्सचा पदवीधर. असा आकडा दिसला की गुणाकार केल्याशिवाय राहवत नाही. अकराशे भागांचे चारशे चाळीस तास होतात. बँकेच्या हिशेबाने दिवसाला आठ तास धरले, तर पंचावन्न पूर्ण दिवस. वर्षाची सगळी पीएल टाकली तरी पुरायची नाही.

आणि एवढं करून या मालिकेचे भक्त स्वतःच सांगतात की सुरुवात जरा बेताचीच आहे! “बाबा, तीस भाग काढा हो कसेतरी. आर्लाँग आला की बघा!” असं आमचे चिरंजीव म्हणतात. त्यांच्या मित्राच्या मते खरी मजा शंभराच्या पुढे आहे. आणखी एकाला ती तीनशेच्या पुढे सापडली. माझ्या पुतणीचं मत नेमकं उलट. “काका, जे चांगलं असतं ते पहिल्या भागापासून चांगलं असतं. शंभर भाग वाईट सोसल्यावर एकशे एकावा चांगला वाटणारच. उपाशी माणसाला शिळी भाकरीही गोड लागते.” यावर चिरंजीवांनी पायाचा दाखला दिला : इमारतीचा पाया कुरूपच असतो. पुतणी म्हणाली, पण पाया जमिनीखाली असतो, गिऱ्हाइकाला त्यात राहायला लावत नाहीत. रविवारची दुपार होती. आमटी गार झाली, पण वाद गार होईना. असेच वाद जगभरच्या भक्तांत चालतात, हे कळल्यावर मला जरा धीर आला.

मला मात्र हा वाद जपानचा वाटेना. पुढचं चांगलं मागच्या वाईटाची भरपाई करतं का, हा प्रश्न आमच्या कर्ज विभागात रोज टेबलावर येतो. “साहेब, पहिली तीन वर्षं तोटा दिसेल, पण चौथ्या वर्षापासून बघा!” माझ्यासमोर बसणारा प्रत्येक अर्जदार हेच म्हणतो, आणि चौथं वर्ष अजून कुणीच पाहिलेलं नसतं.

तेव्हा जरा पद्धतशीर विचार करू. वाईट सुरुवातीच्या दोन जाती आहेत. पहिली जात भरताडाची. ‘नारुतो’ नावाची दुसरी प्रचंड मालिका आहे. मूळ चित्रकथा आठवड्याला थोडीथोडी छापून यायची, आणि पडद्यावरची मालिका धावत येऊन तिला गाठायची. गाठल्यावर करायचं काय? मग मूळ कथेत नसलेले भाग रचून वेळ काढायचा. पहिल्या २२० भागांपैकी अखेरचे सुमारे ऐंशी भाग बहुतेक असे आहेत. चार माणसांच्या आमटीत दहा पाहुण्यांसाठी पाणी ओततात, तसला प्रकार. नंतरचे पाचशे भाग कितीही रंगोत, ते पाणी पाणीच राहतं. ‘गिंतामा’चे भक्त तर नवख्याला सरळ सांगतात, पहिले दोन भाग सोड, तिसऱ्यापासून बघ. ते दोन भाग मूळ कथेतले नाहीतच. या जातीला पुढचं काहीही वाचवू शकत नाही.

दुसरी जात पेरणीची. ‘वन पीस’च्या बासष्टाव्या-त्रेसष्टाव्या भागात एक देवमासा येतो. आपल्याला सोडून गेलेल्या खलाशांची तो पन्नास वर्षं वाट पाहतो आहे, आणि वाट पाहता पाहता डोंगरावर डोकं आपटून घेतो आहे. पाहणाऱ्याला वाटतं, हे काय भलतंच! पुढे अडीचशेहून अधिक भाग गेल्यावर एक सांगाडा भेटतो, व्हायोलिन वाजवणारा. आणि कळतं की हा त्याच खलाशांपैकी शेवटचा उरलेला. त्या क्षणी मागचा देवमासा बदलतो. चित्र तेच, मिनिटं तीच. पण आता आठवलं तरी घशात काहीतरी अडकतं.

‘क्लॅनाड’चं तसंच. २००७ साली आलेलं तिचं पहिलं पर्व म्हणजे बरीचशी शाळकरी पोरांची गंमतजंमत. नायकाचा बाप दारुडा. बापलेकांच्या झटापटीत मुलाचा खांदा कायमचा दुखावलेला, बास्केटबॉल सुटलेलं. पुढच्या पर्वात हा मुलगा स्वतः बाप झाल्यावर त्याला आजी भेटते आणि सांगते की बायको गेल्यावर या माणसाने एकट्याने, सगळ्यावर पाणी सोडून, पोराला वाढवलं होतं. म्हणजे आपण ज्याला सुरुवात समजत होतो, ती सुरुवात नव्हतीच. पासबुकाची मागची पानं कुणीतरी उशिरा दाखवली.

इथे पुतणीने मानसशास्त्र काढलं. डॅनियल कानेमान, अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलेले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी नि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना चौदा अंशांच्या गार पाण्यात साठ सेकंद हात बुडवायला लावला. मग दुसऱ्या वेळी तेच साठ सेकंद, वर आणखी तीस, पण त्या तीस सेकंदांत पाणी हळूहळू एका अंशाने कोमट केलं. पुन्हा कोणतं सोसाल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं निवडलं! त्रास जास्त, वेळ जास्त, पण शेवट बरा. “म्हणजे काका, हे भक्त खोटं बोलत नाहीत, त्यांची आठवण खोटं बोलते.” त्यात आमच्या कॉस्टिंगच्या पुस्तकातला बुडीत खर्च मिळवा. ज्याने चारशे चाळीस तास घातले, तो ‘फुकट गेले’ असं म्हणेल कोणत्या तोंडाने? तो साक्षीदार कसला, भागधारकच!

चिरंजीव मात्र एका बाबतीत नशीबवान आहेत. २०२३ च्या डिसेंबरात ‘वन पीस’ची गोष्ट पहिल्यापासून नव्याने चितारायची घोषणा झाली. सुरुवात बेताची वाटली तर दुरुस्त करून घेता येते! माणसाला ही सोय नाही.

माझ्या एका मामांचं सांगतो. मामांची पहिली वीस वर्षं पत्त्यांत गेली. पगार एक तारखेला यायचा नि तीन तारखेला तीनपत्तीत जायचा. उरलेले दिवस रागाचे. त्यांची थोरली मुलगी, आमची ताई, हुशार होती. तिने बी.एस्सी. अर्ध्यात सोडलं आणि अठराव्या वर्षी टायपिंगच्या नोकरीला लागली, कारण धाकट्यांची फी कुणीतरी भरायची होती. पुढे पन्नाशीत मामांना हार्ट अटॅक आला आणि माणूस उलटा झाला. पत्ते बंद, आवाज बंद. पहाटे उठून मामींना चहा करून देऊ लागले. मंडईत जाऊन मेथी निवडून आणायची, नातवंडांना शाळेत सोडायचं, रात्री गोष्टी सांगायच्या. नातवंडांना विचाराल, तर जगात असे आजोबा नाहीत. खरंच नाहीत. पण नातवंडांनी मालिका पाहायला सुरुवात केली तीच मुळी उत्तरार्धापासून.

मामांच्या पंचाहत्तरीला सगळे जमले होते. नातवंडांची भाषणं झाली, आम्ही डोळे टिपले. कुणीतरी पाहुणे उत्साहात म्हणाले, “झालं गेलं गंगेला मिळालं. शेवट गोड तर सगळं गोड!” ताई श्रीखंड वाढत होती. वाढता वाढता शांतपणे म्हणाली, “काका, पहिल्या भागापासून मी बसले होते. माफ करायचं का नाही, ते मला विचारा ना. तुम्ही परस्पर कसं करून टाकता?” पाहुण्यांनी श्रीखंड आणखी घेतलं. दुसरं ते करणार काय!

बँकेत लोक एक चूक नेहमी करतात. कर्ज राइट-ऑफ केलं म्हणजे माफ केलं, असं त्यांना वाटतं. तसं नसतं. बँक ते आपल्या ताळेबंदातून काढते, रोज त्याच्याकडे पाहून कुढत बसत नाही. पण देणं संपत नाही, वसुलीचा हक्क राहतोच. तसंच थकीत खात्याचं. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीए होतं. नंतर एखादा हप्ता वाजतगाजत आणून भरला म्हणून ते ‘चांगल्या’त येत नाही, थकलेलं व्याज नि मुद्दल सगळं भरावं लागतं. ताईची अठरा ते पंचवीस ही वर्षं कुठल्या स्लिपवर भरणार? ती भरता येत नाहीत. वेळेची उधारी फिटत नाही, हे त्या चारशे चाळीस तासांनाही लागू आहे.

म्हणून मामांची पंचवीस वर्षं खोटी, असं मी म्हणणार नाही. मेथी खरी होती, चहा खरा होता. त्या दिवशी सगळ्यांनी आग्रह केला, तेव्हा मामा एवढंच म्हणाले, “ताई बोलली, तेच बरोबर आहे.” आणि खाली बसले. बाकी किती आहे ते त्या माणसाला पक्कं ठाऊक आहे. तो हप्ते भरतो आहे आणि पावती मागत नाही. इतका चांगला कर्जदार मी वीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेला नाही. पण म्हणून पावती फाडायचा अधिकार मला मिळत नाही. तो ताईचा.

तेव्हा माझा निकाल असा : पुढचं चांगलं मागच्या वाईटाचा अर्थ कधीकधी बदलतं, पण त्याची भरपाई करत नाही, आणि अर्थ बदलला की नाही, हे ज्याने ते वाईट बसून सोसलं त्यानेच सांगावं. उत्तरार्धापासून आलेल्यांनी टाळ्या जरूर वाजवाव्यात; फक्त सूट जाहीर करू नये.

आता राहिला ‘थोडं सोसा, पुढे रंगतं’ म्हणणाऱ्यांचा प्रश्न. आमच्याकडे त्यावर सोपा नियम आहे. कर्जदाराबद्दल एवढी खात्री असेल, तर जामीनदार व्हा. गाण्यातल्या जाणकाराने तंबोरे जुळेपर्यंत आपल्यासोबत अवघडून बसावं. आत्याने भाचीच्या सासरी महिनाभर राहून यावं. मी चिरंजीवांना तेच सुनावलं : सुरुवातीचे भाग पाहीन, पण तू शेजारी बसायचंस, मोबाइल लांब ठेवून.

कबूल करून बसला बिचारा. स्वतःला पाठ असलेले भाग रोज जेवणानंतर एक, असे पुन्हा पाहतो आहे. कुठे कंटाळा येणार ते त्याला आधीच ठाऊक असतं. तेवढ्यात उठून माझ्यासाठी पाणी आणतो. परवा सदतिसावा भाग झाला, आर्लाँगचाच. ती नामी नावाची मुलगी इतकी वर्षं कुणापुढे वाकली नव्हती, तिने शेवटी मदत मागितली. प्रसंग चांगला होता, खोटं कशाला बोलू? मध्येच मी सहज शेजारी पाहिलं. चिरंजीव पडद्याकडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते, मंजुरीच्या सहीसाठी ताटकळलेल्या जामीनदारासारखे.