स्मारक आणि राखण

मराठवाड्यात गावोगावी, वेशीपाशी वा देवळापाशी, वीरगळ उन्हापावसात उभे असतात. खालच्या पट्टीत लढून पडलेला वीर, मधल्या पट्टीत त्यास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्यांची सामान्य मांडणी असते. यांतील कित्येक वीर गाई राखताना पडलेले.

सास्तूरच्या लोकांस दगडाची दुसरी ओळख 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झाली. भूकंपात, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. गेलेल्यांचे स्मरण हा धर्मच; परंतु राहिलेल्यांस निर्भय घर देणे हे त्याहून निकडीचे, हे तेथे सर्वांस कळले.

हाच विचार सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळरानावर आमच्या मनात आला. माळढोकासाठी येथे 1979 मध्ये अभयारण्य झाले. हा पक्षी घरटे बांधीत नाही. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. ज्यास आपण पडीक म्हणतो, तेच त्याचे घर. आज साऱ्या देशाच्या मोकळ्या रानांत दीडशेही माळढोक उरले नसावेत.

उद्या या माळावर माळढोकाचे सुबक शिल्प उभारले, तर ते पाहून लोकांच्या मनास जाग येईल, हे आम्हांस मान्य आहे. परंतु वीरगळाचा मान मिळाला तो राखणदारास. आम्ही कोणास राखले? माळ नांगरून, कुंपणे घालून मग पाषाणात पक्षी कोरणे म्हणजे ऋण न फेडताच पावती मागणे नव्हे काय?