उतारवयातील किनारा

तीस-पस्तीस वर्षे मुंबईच्या लोकलगाडीत उभ्याने काढलेल्या माणसाने सेवानिवृत्तीनंतर समुद्रकाठी चार निवांत वर्षे मागावीत, यात गैर काहीच नाही. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आली की घरोघरी अलिबाग, नागाव, रेवदंडा, मुरूड ही नावे ऐकू येऊ लागतात. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसह मांडव्याला उतरता येते आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतूही खुला झाला. अंतराची अडचण अशी बरीच ओसरली. मात्र ज्या गावात आपण आपले अखेरचे घर बांधणार, त्या गावाचे आपण काही देणे लागतो काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. चौकशी होते ती गुंठ्याच्या भावाची, सात-बाराची आणि खिडकीतून पाणी दिसते की नाही याची.

विहिरीचेच उदाहरण घेऊ. किनाऱ्यालगतच्या जमिनीत पावसाचे गोडे पाणी वजनाने हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. नारळी-पोफळीच्या वाडीला आणि घरच्या वापराला पुरेल इतकाच उपसा असेल, तोवर हा तोल टिकतो. पण बंगल्याची हिरवळ आणि पोहण्याचा हौद यांसाठी बोअरवरचा पंप अहोरात्र चालू लागला की तो ढळतो. गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली तर खालचे खारे पाणी सुमारे ४० फूट वर सरकू शकते, असे यामागचे ढोबळ गणित आहे. आणि ते एकट्या बंगलेवाल्याच्या बोअरमध्ये चढत नाही, कारण जमिनीखाली कुंपण नसते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या विहिरीवर शेजारची वाडी जगली, तिचे पाणी मचूळ होते. जमीन रीतसर पैसे मोजून घेतली हे खरे. पण शेजाऱ्याच्या विहिरीचा गोडवा त्या खरेदीखतात कुठे लिहिलेला होता?

वाटेचीही तीच गत. कोळीवाड्यातील बाया डोक्यावर पाट्या घेऊन ज्या पायवाटेने किनाऱ्यावर जात आल्या, तिथे एके दिवशी चिऱ्यांची भिंत उभी राहते. १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामांवर बंधने घातली. जानेवारी २०१९ मधील अधिसूचनेने त्यांतील काही सैल केली. अंतर मोजणे हे कायद्याचे काम झाले. भिंतीने कोणाची वाट अडते ते पाहणे घर बांधणाऱ्याकडेच राहते. पुढे हाच गृहस्थ वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांच्या वासाबद्दल ग्रामपंचायतीकडे तक्रार करतो. समुद्र हवा, पण त्याचा वास नको!

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-मुरूडकडच्या वाड्या आडव्या झाल्या, रस्ते झाडांनी अडले, कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. पोफळ लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षे जातात, म्हणजे वाडीवाल्याची तेवढी वर्षे एका दुपारी गेली. अशा वेळी सत्तरीच्या एकट्या माणसाच्या दारातले झाड हटवायला कोण येणार? शेजारीच. ज्याची वाट आपण अडवली, तोच.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील बर्जिल्लय मला या संदर्भात आठवतो. संकटकाळी दाविदाला अन्न पुरवणाऱ्या या ऐंशी वर्षांच्या श्रीमंत वृद्धाला राजाने यरुशलेमेत राहायला बोलावले. त्याने नम्रपणे नकार दिला. आता जिभेला चव नाही, कानांना गाणे नाही. मग राजावर आपला भार कशाला, असे त्याचे म्हणणे. आईबापांच्या कबरीजवळ मरण यावे, एवढेच त्याने मागितले. गिरगावच्या चाळीत जन्मलेल्याला असे गाव नसते, हा आक्षेप मी मान्य करतो. पण आपण कोणावर भार होऊ हा बर्जिल्लयाचा प्रश्न त्यालाही चुकत नाही.

म्हणून घर घेण्याआधी जून ते सप्टेंबर तिथे भाड्याने राहावे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, पर्यटक फिरकत नाहीत, वीज जाते. शेजारची म्हातारी सुकटीची वाटी घेऊन दाराशी आली, तर ती घ्यावी. आणि वैशाखात विहिरीचे पाणी कुठवर उतरते, ते दलालाला न विचारता तिलाच विचारावे.