दुसऱ्याच्या गावचा अंधार

पहिली दुर्बीण कोणती घ्यावी, असं ऑफिसात महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. ऐंशी मिलिमीटर व्यासाची, पुढे भिंग असलेली साधी दुर्बीण घे आणि उरलेले पैसे स्टँडवर घाल. हलणाऱ्या स्टँडवरची महाग दुर्बीण म्हणजे निव्वळ मनस्ताप. खोक्यावर 'पाचशेपट' लिहिलं असेल तर ते खोकं परत ठेव, कारण एवढ्या भिंगाला फार तर दीडशे-एकशेसाठपट झेपतं. नाभीय अंतर ४०० मिलिमीटर असेल तर २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेने सोळापट दिसतं आणि सगळ्या कृत्तिका एका नजरेत मावतात. १० मिलिमीटरची लावली की चाळीसपट, म्हणजे शनीची कडी. चंद्राच्या काठाला जांभळी झालर दिसेल. ती स्वस्त भिंगाची खूण आहे, दोन-चार रात्रींत तिची सवय होते. आरशाची दुर्बीण त्याच पैशांत मोठी मिळते हे खरं, पण पाबे घाटातले खड्डे बाइकवरून पार केल्यावर तिचे आरसे पुन्हा जुळवत बसावे लागतात. भिंगाची दुर्बीण सॅकमधून काढायची आणि डोळा लावायचा.

पुढचा प्रश्न येतो, बघायचं कुठून? तिथे माझं उत्तर अडखळतं.

पुण्यातल्या हौशी मंडळींचं उत्तर आहे भोर-वेल्हे. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण एसटीत आणि बोलण्यात अजून वेल्हेच चालतं.) सातारा रस्त्याने नसरापूर फाट्याला वळायचं, विंझर-मार्गासनीवरून पुढे गेलं की तोरण्याच्या पायथ्याशी पोचतो. ईशान्येला पुण्याचा नारिंगी-पांढरा फुगवटा दिसत राहतो, पण दक्षिण काळीभोर असते. एप्रिल-मेमध्ये त्या बाजूला क्षितिजापासून वीस-पंचवीस अंशांवर नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी येतो. लाखो ताऱ्यांचा हा गुच्छ लहान दुर्बिणीत पिठाच्या गोळ्यासारखा दिसतो. माझ्या सिंहगड रोडच्या गच्चीवरून तो कुठे असायला हवा एवढंच मला सांगता येतं.

गेल्या हिवाळ्यात अमावास्येच्या जवळपास आम्ही पाच जण वेल्ह्याच्या बाजूच्या एका वाडीत गेलो होतो. देवळापाशी खांबावर एक एलईडी दिवा होता, एकच, पण थेट डोळ्यांत येणारा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि असा एक दिवा ती कमाई क्षणात घालवतो. आमच्यातला एक जण शेजारच्या घरी गेला आणि तासभर दिवा बंद करता येईल का, असं त्याने अगदी नम्रपणे विचारलं. काका बाहेर आले. म्हणाले, "करतो की. पन हा दिवा बसवायला तीन वर्सं खेटे घातलेत आमी पंचायतीत. आन पोरगं दारं धराया गेलंय, ते ह्याच वाटंनं येनार." मग कोणी पुन्हा विषय काढला नाही. आम्ही दुर्बीण पेंढ्याच्या गंजीआड नेली.

काकांच्या उत्तरात तक्रार नव्हती, म्हणून ते माझ्या डोक्यातून जात नाही. शेतीपंपाला वीज बऱ्याचदा रात्रीची येते, तेव्हा रात्रीच पाणी द्यावं लागतं. भातखाचरांच्या बांधावर मण्यार आणि घोणस असतात. तिथे दिवा म्हणजे पाय कुठे टाकायचा याचं उत्तर. 'अंधार हा सगळ्यांचा वारसा आहे' हे वाक्य मला मनापासून पटतं, पण ते म्हणणारे बहुतेक जण उजेडात राहतात आणि अंधार शनिवारी भेटायला जातात. काकांच्या आजोबांनी अंधार निवडला नव्हता. तो त्यांच्या वाट्याला आला होता.

शिवाय या दोन तालुक्यांकडे मागणं काही नवीन नाही. पानशेत आणि वरसगावचं पाणी खडकवासल्यातून पुण्याच्या नळांना येतं. भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे जातं. धरणाखाली गेलेली गावं इथली, भिजलेली शेतं दुसरीकडची. आता आम्ही येऊन म्हणायचं की तुमचा अंधारही आमच्यासाठी राखून ठेवा?

तरीही 'दिवे लागणं म्हणजे प्रगती, आकाश गेलं तर गेलं' हा युक्तिवाद मी इंजिनिअर म्हणून गिळू शकत नाही. आकाशात गेलेला उजेड कोणाच्याच उपयोगाचा नसतो. त्या उजेडात ना साप दिसतो ना वाट, वीज मात्र जाते. पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश जास्त आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, त्यामुळे एक उघडा दिवा मैलभर लांबूनही खुपतो. डोक्यावर झाकण असलेला, पिवळसर आणि कमी वॅटचा दिवा तीच वाट तितकीच उजळतो. हे नुसतं कागदावरचं नाही. नागपूरजवळचं पेंच २०२४च्या जानेवारीत देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरलं, तेव्हा आसपासच्या गावांत शंभराहून जास्त दिवे बदलले गेले. त्यांची तोंडं खाली वळवली. गावं अंधारात गेली नाहीत.

आणि भोर-वेल्ह्यात वर तोंड करून जळणारे दिवे आहेत तरी कोणाचे? भाटघरच्या पाण्याकाठून रात्री एक चक्कर मारा. वाडीतला दिवा खांबावर एक. फार्महाऊसच्या कुंपणावर मात्र ओळीने वीस, झाडांच्या खोडांवर खालून वर मारलेले फ्लडलाइट, आणि मालक पुण्यात झोपलेला. आमच्यातला जो नम्रपणे काकांकडे गेला, तो त्या फाटकाची बेल वाजवायला गेला नाही. गेला असता तरी वॉचमनने सांगितलं असतं, साहेबांना विचारावं लागेल. विनंती कुठे करता येते आणि कुठे नाही, यात अर्धं नीतिशास्त्र येतं.

म्हणून लहान दुर्बिणीकडे मी आता थोडा वेगळा बघतो. चंद्र, गुरूचे चार चंद्र, शनी, जोडतारे हे सगळं ती शहरातल्या गच्चीवरूनही दाखवते. वर्षातल्या बहुतेक रात्री तिला कोणाकडे काही मागावं लागत नाही. मोठ्या आरशाच्या मागे लागलेला माणूस अंधूक दीर्घिकांच्या मागे लागतो, मग अंधाराच्या, मग अजून लांबच्या गावाच्या. अर्थात मीही जातोच. देवयानीतली दीर्घिका काळ्या आकाशात बघितली की पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड डोळ्यात शिरतोय हे कळतं, आणि ती हाव सुटत नाही. ही हाव गरजेच्या पंक्तीत बसवू नये, एवढंच मला वाटतं.

त्या रात्री काका नंतर गंजीआड आले. मृगातला तेजोमेघ दाखवला, राखाडी धुरकट ठिपका आणि त्यात चिकटून चार तारे. फोटोतला गुलाबी रंग डोळ्याला दिसत नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग मान वर काढून म्हणाले, "दिव्याला पत्र्याचं टोपरं केलं तर तुमचं भागंल का?"

टोपऱ्याचं माप आम्ही घेऊन आलोय. खांब पंचायतीचा, त्यामुळे अर्ज काकांच्या नावानेच जाईल.