न दिसणारी उपकारकर्ती

१९७७ साली रसायनीत कीटकनाशकांचा सरकारी कारखाना उभा राहिला. भोवती कर्जत-खालापूरची भातशेती. खोडकिड्याच्या धास्तीने मीही एकदा बाजारचे औषध फवारले. पुढे कळले, ट्रायकोग्रामा नावाची, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, गांधीलमाशीची चिमुकली बहीण त्या किड्याच्या अंड्यातच आपले अंडे घालते आणि अळी जन्मण्याआधीच तिचा वंश खुंटवते. माझ्या फवाऱ्याने तीही मेली असणार. खोडात दडलेली अळी मात्र वाचली असेल!

अजाणता घडलेल्या घाताचे पाप लागते काय? मला वाटते, न जाणणे क्षम्य आहे. जाणून घेण्याचा आळस नव्हे. औषधाला काय दोष? हात माझा होता. यंदा ट्रायकोकार्डे लावली, फवारा आवरला. वाचकहो, पहिली पणती तिच्यासाठी!