शब्द टाकणारा माणूस

गोंदियाच्या बाजारात कुणाच्या बढतीची गोष्ट निघाली की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "त्याच्यासाठी कोणीतरी शब्द टाकला." राइस मिलमधला पोरगा मॅनेजर होतो, पतसंस्थेतला कारकून शाखा सांभाळू लागतो, आणि मागोमाग हे वाक्य येतं. ऐकणारा मान हलवतो आणि मनातल्या मनात म्हणतो, वशिला. या दोन शब्दांची ही गल्लत मला फार खटकते. वशिल्याला नातं पुरतं, गाव पुरतं, जातही पुरते. शब्द टाकणारा मात्र स्वतःची पत पणाला लावतो. पोरगा उद्या चुकला तर मालक आधी त्यालाच बोलावून जाब विचारणार असतो. मग कोणी आपल्यासाठी एवढी जोखीम का घ्यावी? त्याच्या हाती आपण असं काय ठेवतो?

प्रामाणिकपणा आणि मेहनत, असं उत्तर घरोघरी दिलं जातं. दोन्ही हवंच. पण ते असूनही वीस-वीस वर्षं एकाच जागी राहिलेली माणसं या शहरात गल्लोगल्ली भेटतात. त्यांना आपलं काम उत्तम येतं. आपला धंदा पैसा कुठे कमावतो आणि कुठे गमावतो, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, आणि त्यांनीही विचारलेलं नसतं. माझ्या मते शब्द टाकणाऱ्याला लागणारं तारण हेच असतं : धंद्याची जाण.

गोंदियात हे समजावायला भरडाईइतकं चांगलं उदाहरण नाही. सरकार आधारभूत दराने धान खरेदी करतं. कुठे मार्केटिंग फेडरेशनमार्फत, तर देवरीसारख्या भागात आदिवासी विकास महामंडळामार्फत. ते धान भरडाईसाठी मिलला मिळतं. एक क्विंटल धानामागे मिलवाल्याने 67 किलो अरवा, म्हणजे न उकडलेला, तांदूळ परत द्यायचा. उसना, म्हणजे उकडा, असेल तर 68. केंद्राचा भरडाई दर वर्षानुवर्षं अरव्याला क्विंटलमागे 10 रुपये आणि उसन्याला 20 रुपये असाच राहिला, वर राज्य सरकार आपली भर घालतं. एवढ्यावर मिल चालते कशी? उत्तर तांदळात नाही, तांदूळ काढल्यावर जे उरतं त्यात आहे. कोंडा तेलाच्या कारखान्याकडे जातो, कणी वेगळ्या भावाने विकली जाते, भुसा बॉयलरच्या भट्टीत किंवा वीटभट्टीवर जळतो. शहर तांदळासाठी ओळखलं जातं, आणि मिलचा जीव पुष्कळदा कोंड्याच्या भावावर टांगलेला असतो.

त्यात उन्हाळी धानाची डोकेदुखी. उन्हाळी धानाचा दाणा भरडताना जास्त तुटतो, उतारा घसरतो, आणि सरकारला द्यायचे 67 किलो मात्र तेवढेच राहतात. खरेदीच्या वेळी ओलाव्याची मर्यादा 17 टक्के. पण गोदामाच्या कमतरतेमुळे धान उघड्यावर पडून राहिलं की सारी गणितं बदलतात. बारदाना वेळेवर आला नाही तर तयार तांदूळ मिलमध्येच अडकतो आणि बँकेच्या कॅश क्रेडिटवरचं व्याज चालू राहतं. मालकाची झोप उडते ती या गोष्टींनी. मशीन चालवणाऱ्याला त्यातली एकही गोष्ट ठाऊक नसली तरी त्याचं काम अडत नाही. त्याची बढती मात्र अडते.

आता काट्यावर बसणारा एक मुलगा डोळ्यांपुढे आणा. ट्रक आला, वजन केलं, पावती फाडली, झालं त्याचं काम. पण समजा त्याने एक वही ठेवली : कुठल्या केंद्राचा लॉट, किती ओलावा, भरडून किती तांदूळ निघाला, किती कणी झाली, त्या आठवड्यात कोंडा काय भावाने गेला. एक हंगाम त्याने हे नेमाने लिहिलं. पुढच्या वर्षी मालक, दिवाणजी आणि मालकाचा मुलगा बसून ठरवत आहेत की कुठला लॉट आधी भरडायचा. त्या बैठकीत हा मुलगा नाही, असण्याचं कारणही नाही. दिवाणजी "पोरगा चांगला आहे" असं म्हणाला तर कोणी ऐकणार नाही, चांगली पोरं दहा आहेत. "हे त्याच्या वहीत आहे, आणून दाखवतो," असं मात्र तो म्हणू शकतो. शब्द टाकणं म्हणतात ते हेच. दिवाणजीने दयेपोटी काही केलेलं नाही. त्या वहीने त्याचंही वजन वाढलं.

महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासात याचा मोठा दाखला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोलापूरच्या व्यापारी घरातल्या वालचंद हिराचंदांनी लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारी केली आणि रेल्वेच्या ठेकेदारीत पाय ठेवला. फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. वालचंदांच्या घरी भांडवल होतं, बाजारात नाव होतं. रेल्वेचं काम आतून पाहिलेला माणूस हवा होता, तो फाटकांच्या रूपाने मिळाला. पुढे पेढीच्या नावातही फाटक-वालचंद असा कारकून पहिला आला. मला ही नावांची जोडी फार अर्थपूर्ण वाटते.

जाण असली की शब्द आपोआप मिळतो, असं मात्र कोणी समजू नये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड फकीर गावचे दादाजी खोब्रागडे दीडेक एकराचे शेतकरी. निरीक्षणातून त्यांनी धानाचा जो वाण निवडून वाढवला तो एचएमटी या घड्याळाच्या नावाने बाजारात गेला. झाडीपट्टीतल्या मिलमध्ये त्या नावाने पोती उतरली, व्यापाऱ्यांनी भाव घेतला. भाताची त्यांच्याइतकी जाण किती जणांना असेल? तरीही राष्ट्रीय पातळीवर त्यांच्या नावाचा सन्मान झाला तो 2005 साली, राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानकडून. त्यांच्या बाजूने बोलणारी एक संस्था उभी राहिली तेव्हा. 2018 साली ते गेले ते हलाखीतच. त्यांच्या जाणेत काही उणं नव्हतं. जिथे हिशेब ठरतो तिथे त्यांचं नाव घेणारं कोणी फार उशिरापर्यंत नव्हतं.

म्हणून तरुणांना "धंदा शिका" एवढं सांगून थांबणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. शिकायचा कुठे? धंद्याच्या हिशेबाची वही मालकाच्या गादीखाली असते. कुठल्या पोराला ती दाखवायची हे नात्यावर, समाजावर ठरतं. 1958 साली मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि खेड्यापाड्यांतली मुलं शाळा-कॉलेजात पोचली. संस्थेच्या एनएमडी कॉलेजातून कॉमर्स शिकून निघणाऱ्या मुलाला ताळेबंद वाचता येतो. गावातल्याच मिलचा ताळेबंद मात्र त्याने कधी पाहिलेला नसतो. शिक्षणाने दार उघडलं, पेढीने आतली कडी काढली नाही.

बायकांच्या बाबतीत तर ही कडी दुहेरी आहे. 2010 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये हर्मिनिया इबारा आणि सहलेखिकांनी मोठ्या कंपन्यांबद्दल मांडलं होतं की स्त्रियांना सल्ला देणारे भरपूर भेटतात, त्यांच्यासाठी शब्द टाकणारे कमी. आपल्या मिलमध्ये तर सल्लाही मिळत नाही. उसन्या तांदळाच्या अंगणात धान पसरणारी, पायाने वर-खाली करणारी बाई दाणा दाताखाली घेऊन सांगते की वाळायला अजून वेळ आहे. तिचा अंदाज चुकला तर तांदूळ तुटतो, म्हणजे मालकाचेच पैसे तुटतात. ही जाण धंद्याची नाही तर कशाची? पण ती मजुरी म्हणून मोजली जाते, आणि तिच्या अंदाजाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

खरीप धानाचा हंगाम सुरू व्हायच्या आत एखाद्या मालकाने एवढं करून पाहावं : काट्याजवळच्या फळ्यावर रोजच्या आवकेशेजारी कोंड्याचा भाव, कणीचा भाव आणि कालच्या लॉटचा उतारा लिहावा. काट्यावरच्या पोराला आणि अंगणातल्या बाईला तो फळा दिसेल अशा जागी लावावा. आणि हंगामानंतर दिवाणजीला विचारावं, यातलं कोण काय बोललं.